पस्तीस की पन्नास

शौकत मुकादमनं काचेवर मांडल्या
दोन लेन्स, पिवळ्या फडक्यावर.
"पन्नासात बाई येईल. पस्तिसात
बाईची टोपली, अन् टोपलीवर टपलेलं मांजर."
पैसे एकीपुरतेच.
पस्तीस घेतली, मांजरासाठी.

हूड घेतला. फिल्टर घेतला, खाऱ्या वाऱ्याला म्हणून.
चामडी केस त्यानंच परत आत ठेवली:
"आषाढात बुरशी धरेल. डबा बघा घट्ट झाकणाचा,
तळाला भाजलेले तांदूळ."

संध्याकाळी हर्णै बंदरात
लिलाव ऐन भरात.
पांढऱ्या रेघांच्या चौकटीबाहेरचंही दिसतं या कॅमेऱ्यात:
कुणाचा बैल बिथरलाय,
कुठली होडी अजून टेकायची आहे.
आणि मधल्या उजळ चौकोनात
दोन भागीरथी चोगले,
एक ठळक, एक विरळ.
बोटानं कडं फिरवलं तशा सरकत आल्या
एकमेकींत,
चमकीवर चमकी.
दाबलं.

पुन्हा दाबलं. सहा वेळा.
बोली मध्येच सोडून ती माझ्याकडे वळली,
"झाकन तरी काढ की रं पुढचं!"

काढलं नव्हतं.
मांजर तोवर टोपलीत.