मातीचं पाकीट

कायसेरीच्या संग्रहालयात, तळघरात,
मुठीएवढं एक पत्र आहे. कुणी फोडलेलं नाही.
मातीचंच पत्र, मातीचंच पाकीट,
वर नवऱ्याचं नाव, खाली मोहोर:
देवीपुढे उभी बाई, अर्धी झिजलेली.

चार हजार वर्षांपूर्वी अश्शूरहून
नुह्शातुमनं ते गाढवांच्या तांड्यासोबत धाडलं.
दहा ठाणं लोकरी कापड, आणि हे.
नवरा कानेशच्या पेठेत. तिथं त्याची दुसरी बायको.
ते ठाऊक असतं, लिहायचं नसतं.

गुलिझार म्हणते, आपणही फोडायचं नाही.
ती यंत्रातून आत बघते.
राखाडी पडद्यावर पाचरींची अक्षरं
मासळीच्या काट्यांसारखी तरंगत वर येतात:
चांदी पोचली नाही.
शेजाऱ्यांनी माडी चढवली.
कौल लावणारीकडे गेले होते, ती म्हणाली,
देव तुझ्यावर रुसलाय, पैसा पैसा करू नकोस,
ये.
ओळी कडेवर चढतात, मागं वळतात,
अक्षरं दाटीवाटीनं बारीक होतात.
जागा संपते.

पाकिटात आणखी एक तुकडा आहे,
खारकेएवढा.
राहून गेलेलं सांगायला घेतलेला असावा.

गुलिझार चष्मा पुसते. पुन्हा बघते.
त्याच्यावर एकही अक्षर नाही.
नुसता अंगठा दाबल्याची खूण,
लहान,
नुह्शातुमची असणार नाही इतकी लहान.

नोंदवहीत ती लिहिते:
दुसरा तुकडा. मजकूर नाही.

मग 'मजकूर नाही' खोडते.