घळीतलं गाव

मुख्तारनं वाळवंटातून फोटो पाठवले,
त्या शुक्रवारी क्रेनला सुट्टी होती.
तांबड्या डोंगराची चीर, चिरेच्या तोंडाशी
अख्खा दरवाजा, खांब, वर कोरलेला घट,
आणि पायथ्याशी काळा चष्मा लावलेला मुख्तार,
नखाएवढा.

रिचार्जला आलेल्या तिमाबाई धोत्रेनं
फोन माझ्या हातातून घेतला. अंगठ्यानं खडक पुसला
तर पुढचाच फोटो आला. "माघारी ने," म्हणाली.
"हे बांधलं नाई, काढलं हाय.
वरून खाली आले असतीन ते लोक."
मग चष्म्यावरून माझ्याकडे:
"आपल्या घळीतलं पाह्यलं काय तू?"

नव्हतं पाहिलं. बारा किलोमीटर,
आणि चाळीस वर्षं मी याच तालुक्यात.

मे महिना. गाडीची सीट तव्यासारखी.
नाल्यात पाणी नव्हतं, वाळूवर फक्त नीलगाईचे खूर.
दोन्हीकडून काळा पाषाण जवळ येत गेला
आणि वळणावर पाच दारं.
एक पत्र्याची पाटी: हे स्मारक संरक्षि
आणि पुढे गंज.

आत वटवाघळांचा वास, मेंढपाळांच्या चुलीची काजळी.
मी देव शोधत होतो. देव नव्हता.
ती भिंतीला हात लावून चालत राहिली,
पाट्याला टाकी लावायच्या आधी लावते तसा.
"हा डावखुरा होता."
चार पावलांवर: "इथं घाव बोथट होत आले, पाह्य.
अन् इथून एकदम तिखट.
म्हंजे टाकी शेवटून आनली. म्हंजे लोहार जवळच.
भाता. कोळसा. कोळसा वाहाले गाढव.
अन् एवढ्या मानसाले भाकरी कोन थापत होतं?"
ती बोलत गेली तशी माझ्यामागे घळ भरत गेली.
मला वळून बघायची हिंमत होईना.

पाचवी खोली अर्धीच. छत झालेलं, जमीन नाही,
मधे ढोपराएवढा दगड तसाच उभा.
मी शहाणपणानं म्हणालो, राजा मेला असेल,
नाहीतर खजिना संपला.
तिनं बोटाच्या सांध्यानं ठोकलं. "आईक."
भद्द वाजलं.
"शीर लागली. दगड नाई म्हनला,
म्हून उठून गेले. त्यात काय राजाचं."

मग पिशवीतून तिनं स्वतःची टाकी काढली,
मूठ झिजून बोटांच्या आकाराची झालेली,
आणि शेवटच्या घावात टेकवली.
बसली. केसाचं अंतर नाही.
हातोडी दुसऱ्या हातात होतीच.
माझा श्वास अडकला.
"ठोकत नाई," ती म्हणाली. "मजुरी कोन देईन?"

मुख्तारला तोच फोटो पाठवला.
भिंत, टाकी, कोपऱ्यात तिचं करंगळीचं नख.
रात्री त्याचं आलं: यात शहर कुठाय?

अजून उत्तर दिलेलं नाही.