तोंडी उदाहरण

सकाळी सात वीसला
ओट्यावरचा फोन थरथरत सरकतो
कोथिंबिरीच्या जुडीपर्यंत.
एकदम चौदा निरोप.
म्हणजे सुदाम मरगळे दुधाची किटली घेऊन
पानशेतच्या स्टँडवर उतरला
आणि त्याच्या खिशाला रेंज लागली.

धरणाच्या शेपटाला, वरच्या वस्तीवर
अकरा पोरं, एक फोन.
तोही दिवसभर दुधाबरोबर खाली.
अंधार पडता पडता माझा धडा घेऊन चढतो,
कातळावर उभा करून ठेवला
की मी तिथे बोलू लागते
जे इथे, सहकारनगरात,
दुपारीच बोलून मोकळी झालेली असते.
माझ्या आवाजाला तोवर
थोडा दुधाचा वास येत असावा.

उत्तरं ऐकते कणीक मळता मळता.
कोंडिबा तेराच्या पाढ्यात साताशी अडतो,
मागून कुणीतरी "एक्क्याण्णव" कुजबुजतं,
शेळी खोकते.
धाकटी यमी अठ्ठावीस सेकंद नुसता श्वास घेते,
मग म्हणते, "झालं."
तिला मी दहापैकी चार दिलेत.

मागे उदाहरण घातलं होतं:
लाँच ताशी बारा किलोमीटर जाते,
तर अठरा किलोमीटरला वेळ किती?
दहा जणांनी सांगितलं, दीड तास.
भागी ढेबे म्हणाली,
"बाई, डिझेल आहे असं धरायचं का?"

"धर," मी म्हणाले.
ते "धर" संध्याकाळी रिकाम्या किटलीबरोबर वर गेलं.
तिचं "बरं" दुसऱ्या सकाळी खाली आलं.

एकदा तिने कळवलं:
"तुमच्या अपूर्णांकात तीन शिट्ट्या झाल्या.
चौथीला तुम्ही 'थांबा हं' म्हणून उठलात.
आम्ही थांबलो."

ते कापायचं राहून गेलं होतं.
त्यानंतर मी काहीच कापलं नाही.
फोडणी, घंटी, भंगारवाला,
सासूबाईंचं "कुणाशी बोलतेयस?",
सगळं वर जाऊ दिलं.

एप्रिलात सुदामची म्हैस आटली.
दूध नाही म्हणून फेरी नाही,
फेरी नाही म्हणून शाळा नाही.
नऊ दिवस फोन जागचा हलला नाही.
मी रोज धडा पाठवत राहिले:
त्रिकोण, चौकोन, परिमिती,
एकेक करड्या खुणेसकट पडून राहिले.
नळ तेवढा रोज सहाला येत होता, न चुकता.

दहाव्या दिवशी कुणी रेशन आणायला उतरलं असेल.
एकच निरोप. भागी.
पायांखाली वाळका पाला वाजत होता:

"बाई, आज उदाहरण मी घालते.
आमच्या खालचं पाणी पुण्याला जातं म्हणतात.
इथून आत्ता सुटलं
तर तुमच्या नळाला किती वाजता येईल?
चिठ्ठीबिठ्ठी टाकणार नाही त्यात.
नुसतं विचारते."

मी कागद घेतला.
पानशेत ते खडकवासला.
खडकवासला ते पर्वती.
मध्ये किती थांबतं, कुठे मुरतं,
वेगाच्या जागी काय लिहू?
पाणीपुरवठा कार्यालयात फोन केला.
तिकडचा माणूस म्हणाला, "तक्रार काय आहे?"
मी जरा विचार केला
आणि फोन ठेवला.

दुपारी बोलायला बसले.
"भागी, तुझं उदाहरण मला सुटत नाही.
अंतर पन्नासच्या आसपास धर.
वेगापुढे जागा मोकळी सोड,
पेन्सिलीने नको, तशीच सोड, आपण..."

शिट्टी झाली.
"थांबा हं," म्हणाले,
आणि गॅसकडे न जाता
फोन घेऊन बेसिनपाशी गेले,
नळ सोडला.

चार सेकंद.
वाया कशाला घालवायचं, त्यांचंच आहे.