मध्यंतर

पडद्यावर माझं नाव विक्रांत आहे.
अंगात चामड्याचं जाकीट,
एप्रिलात, कुडचड्यात.
पुढच्या रांगेतली पोरं शिट्ट्या मारतात.
बायको कोपराने ढोसते : हा तूच ना?
मी म्हणतो, गप बघ.

जाकीट नव्हतं. खाकी उतरवून
भावाचा विटका टी-शर्ट घातला होता मी,
पाठीवर पतपेढीची जाहिरात.
पिस्तूलही नव्हतं. एक मोबाईल होता,
पोदेराकडच्या उंड्यांच्या पिशवीत, तळाशी.
सात महिने शिळा पाव खाल्ला,
पिशवी रिकामी दिसून चालणार नव्हतं.

शपथ मशाली पेटवून झाली नाही.
काजूच्या भट्टीमागे पत्र्याची शेड,
हुर्राकाचा वास, पायांना डास.
शाणू मास्तर, चित्रकलेचे,
त्यांनी वळणदार अक्षरात यादी काढली होती :
कुठली खोली, किती डोकी, कुठल्या गावची.
वर 'भायले', आणि त्याखाली
पट्टी लावून दोन रेघा.
इतकी सरळ रेघ मी पुन्हा पाहिली नाही.

सिनेमातला मास्तर एका डोळ्याने आंधळा आहे,
कुत्र्याला लाथ मारतो.
खरे मास्तर कुत्र्यांना पेज घालायचे.
माझ्या आईला ताप चढला त्या रात्री
त्यांनीच गाडी काढली, थेट मडगावपर्यंत.
मागच्या सीटवर तिचं डोकं माझ्या मांडीवर,
आणि ती बरळू लागली.
हावेरीकडची, रस्त्याच्या डांबराबरोबर
गोव्यात आलेली माझी आई,
पागी आडनाव लावून तीस वर्षं जी
भांडलीसुद्धा शेजारणींच्या कोंकणीत,
ती आता 'नीरु, नीरु' म्हणत होती.
मास्तरांनी आरसा वळवला.
काय म्हणते?
मी म्हणालो, तापात आहे, काहीतरीच.
पाण्याची बाटली माझ्या पायाशी होती.

हा सीन सिनेमात नाही.
कुणाला सांगितलाच नाही, तर येणार कुठून?
रिपोर्टात मी लिहिलं : वाहन, नंबर, वेळ, अंतर.

दुर्गप्पाचा गाडाही नाही.
मी उलथवला तो.
मास्तर म्हणाले, नवा आहेस, हात दिसू दे.
साहेब म्हणाले होते, विश्वास बसेपर्यंत
लागेल ते कर.
गरम वाळू, शेंगदाणे, कढईखालचा कोळसा
गटारात पडून चर्र झालं.
दुर्गप्पा ओरडला नाही. उकिडवा बसून
एकेक दाणा वेचू लागला.
आणि मला त्या क्षणी,
खरं सांगतो, लाज वगैरे वाटली नाही.
वाटलं, आवाज नीट रेकॉर्ड झाला असेल ना.

पडद्यावर आता मांडवीत बोटींचा पाठलाग.
मास्तरांना आम्ही सकाळी पावणेआठला उचललं.
बशीत ओतलेला चहा तसाच.
खाकीतल्या मला त्यांनी वरपासून खालपर्यंत पाहिलं
आणि विचारलं,
आई बरी आहे?

दिवे लागतात. बायको म्हणते, दाणे आण.

बाहेर पोस्टरखाली दुर्गप्पा.
गाडा नवा, एक चाक जुनंच.
पुडी बांधतो, माझी नोट उजेडात धरून बघतो.
सगळ्यांचीच बघतो
की माझीच, कळत नाही.
कसो आसा पिक्चर? विचारतो.

आई गेल्यानंतर पहिल्यांदाच
तिची भाषा माझ्या जिभेवर येते.
बरे सुळ्ळु, म्हणायचं असतं मला,
नुसतं खोटं आहे रे सगळं.
'बरे,' म्हणतो,
आणि पुढचा शब्द दाण्यासारखा घशात अडकतो.

बरें? दुर्गप्पा मान हलवतो,
त्याने ते कोंकणीत ऐकलेलं असतं.
बरो आसा म्हणजे,
असं पुटपुटत
मागच्या गिऱ्हाइकासाठी कागद वळू लागतो.