साक्षीची पिन

शेवटचा आकडा कधी थांबत नाही.
तराजूचं काचेचं दार लावून
श्वास धरून बसले तरी
तो एकावरून तीनवर, तीनवरून परत दोनवर,
तापलेल्या वाळूत पाय भाजणाऱ्या पोरासारखा.
बाहेर वेर्ण्याच्या चढावर ट्रेलर गिअर बदलतो
ते मला आधी इथे दिसतं, मग ऐकू येतं.

कुठ्ठाळीच्या फेरीवरचा इनास
पेपरात गुंडाळून शाफ्टचं जुनं बुश घेऊन आला.
आतून अंगठा फिरवला, डोळे मिटून.
'पळय, तीन पोस्टकार्डं गेलीत.'
आम्ही मागून मापलं.
त्याच्या अंगठ्याची चूक
अर्ध्या पोस्टकार्डाचीही निघाली नाही.

नव्या मालाच्या पिना कापल्या,
पोलादी तबकडीवर दाबून धरल्या
त्याच्याच नदीच्या पाण्यात.
कॅन त्यानेच भरून आणला होता:
भरतीचं पाणी, खारट, तळाला लालसर गाळ.
दहा किलोमीटर घासलं.
मडकईला कितीदा जाऊन आल्यासारखं,
जागच्या जागी.

मग धुणं, सुकवणं, चिमट्याने उचलणं.
बोट लावायचं नाही, बोटाच्या ठशालाही वजन असतं,
हे पहिल्याच दिवशी सांगितलं तेव्हा
शिकाऊ दीपराज बराच वेळ
स्वतःची बोटं बघत राहिला होता.

आधी: एक पूर्णांक दोन आठ चार एक सहा.
नंतर: एक पूर्णांक दोन आठ चार तीन एक.
'मॅडम, पिन वाढली.'
घासून घासून जड झाली.
त्याने पाच वेळा वजन केलं,
मग तराजूला दोष दिला,
मग, न बोलता, मला.
वहीत लिहिलं, झीज: उणे.
आणि खोडावं की नाही ते न कळून
पेन तसंच धरून उभा.

टबाच्या कोपऱ्यात दुसरी पिन होती.
त्याच कांबीची, त्याच सकाळी कापलेली.
तिच्यावर भार नाही, तिच्याखाली तबकडी नाही.
ती फक्त त्याच पाण्यात
तितकेच तास पडून होती.
तिला आम्ही साक्षी म्हणतो.
'हिचं घे.'

तीही वाढली होती. जास्तच वाढली होती.
शून्य पूर्णांक आठ तीन मिलिग्रॅम पाणी
मुकाट्याने पिऊन बसलेली.
मग त्यातून पहिलीची वाढ वजा केली,
आणि कुठे झीज दिसली:
शून्य पूर्णांक सहा आठ.
पाण्याने झाकलं होतं,
पाण्यानेच दाखवलं.

शनिवारी इनास रिपोर्टला आला.
आकड्यापुढच्या खुणेवर बोट ठेवून म्हणाला,
'हें अधिक-उणें कितें? तुला नक्की ठाऊक नाही?'
म्हटलं, किती ठाऊक नाही, तेवढं नक्की ठाऊक आहे.
तो हसला. म्हणाला, आमच्या पाद्रीला सांगायला हवं.

मग पावतीवर सही करता करता सहज म्हणाला
रेशनच्या मशीनवर त्याचा अंगठा लागत नाही हल्ली.
चार वेळा पुसून ठेवला, थुंकी लावून ठेवला,
मशीन म्हणतं, माणूस जुळत नाही.
एकतीस वर्षं ग्रीस, दोरखंड, साखळी.
'तुझ्याकडे माप असेल ना ह्याचं?'

माप होतं माझ्याकडे. पाचव्या दशांशापर्यंत होतं.
पण त्याचं आधीचं वजन कुणी घेतलं नव्हतं,
आणि त्याच पाण्यात
तितकीच वर्षं नुसता पडून राहिलेला
दुसरा इनास
मी कुठून आणणार?

जाताना त्याने तराजूत वाकून पाहिलं,
आधाराला काचेवर अंगठा टेकला.
आकडा उडाला, भरकटला,
मग सावकाश जागेवर आला, जवळपास.
काचेवर डाग राहिला,
गोल, तेलकट, एकही रेष नसलेला.

काच लगेच पुसायची असा आमचा नियम आहे.
मी सोमवारी पुसली.