माया

एकोणीस कोट आहेत माझ्याकडे,
सगळे मेलेल्या माणसांचे.
दापोली कोर्टात बेलीफ होतो तीस वर्षं.
समन्स घेऊन कुणाच्या ओटीवर बसलो
की लोक आधी पाणी देत, मग कुत्रं सोडत,
आणि या दोन्हीच्या मध्ये कधीतरी
खुंटीवरचा खाकी नजरेस पडे.
भात झोडताना घालायचा,
काजूच्या राखणीला रात्री पांघरायचा.
बुरोंडीला तर एक बुजगावण्याच्या अंगावर होता,
तीन पट्ट्यांसकट.
कावळे त्याच्या खांद्यावर बसून खेकडे फोडत.

सरकारी कोट मी घेत नाही.
सरकारी म्हणजे नंबरावर कापलेला,
पाच नंबर, सात नंबर, माणूस त्यात मागाहून भरायचा.
मला लागतो शिंप्याकडे नेलेला:
जर्मनच्या लढाईत, बोट सुटायच्या आधीच्या रजेत,
पहिल्या पगाराचे तीन रुपये मोजून
कॅम्पातल्या फकीर महंमद परकाराकडून
कंबरेत आवळून घेतलेला,
आत चोरखिसा, त्याला लुगड्याच्या काठाचं अस्तर.
बाबाजी शिगवणाचा डावा खांदा उतरता होता,
लहानपणापासून कावड वाहून.
परकारानं तिथे कापूस भरला.
कापूस अजून आहे.
त्या कोटात बाबाजी अजून सरळ उभा आहे.

इथल्या हवेत काही टिकत नाही.
पितळी बटणं आठ दिवसांत हिरवी होतात,
काखेत बुरशी, कॉलरीत कसर.
दसरा झाला की मी एकोणीसच्या एकोणीस
अंगणात दोरीवर घालतो,
आणि पोस्टमन रोज विचारतो,
काय हो, पलटण कधी निघणार?

मागल्या मार्गशीर्षात पुण्याहून एक गृहस्थ आले.
हातमोजे घालून कोट उलटे करून बघत होते.
आतली शिवण बघायची, म्हणाले, किंमत तिथे असते.
सखाराम रेवाळ्याचा त्यांनी बाजूला टाकला:
दोनदा उसवलेला, सुयांच्या भोकांच्या
दोन जुन्या रांगा, काखेत भलत्याच कापडाची कळी,
पोटावर सोलकढीचा डाग.
वाट लावलीय, म्हणाले.

मग कोळथऱ्याच्या भागोजी मर्चंड्याचा हातात घेतला.
हा सामानाबरोबर आला होता, एकटाच, बसऱ्याहून.
शिवणीत दोन बोटं माया, जशी सोडली तशी,
आणि उन्हाला कधीच न दिसलेल्या त्या पट्टीचा रंग
एक्केचाळीस सालचा.
कोरा, म्हणाले. अगदी कोरा. चाळीस हजार देतो.

मी म्हटलं, कळवतो.

परकाराचा नातू रौफ आता शाळेचे गणवेश शिवतो.
त्याला विचारलं, दोन बोटं कशाला रे?
सरकार तर अर्धंसुद्धा सोडत नाही.
तोंडातल्या टाचण्या काढून तो म्हणाला,
आजा सगळ्यांना सोडायचा.
म्हणायचा, परत येतील तेव्हा पोट सुटलेलं असेल,
पेन्शनीचं पोट. कोट का टाकून द्यायचा?
आणि पुन्हा टाचण्या तोंडात धरून
एका पोराची हाफपँट दुमडू लागला.

त्या रात्री ब्लेड घेऊन बसलो.
परकाराचा टाका बारीक, मेणात ओढलेला दोरा,
ऐंशी वर्षांनी सुटताना तट्‌ तट्‌ आवाज करत होता.
बायको दारात येऊन उभी राहिली.
चाळीस हजार ना? एवढंच विचारलं.
मी दोन्ही बाजूंची माया काढली, सगळी,
मशीन चालवता येत नाही म्हणून
हातानेच धावदोरा घातला. वाकडा आला.

सकाळी तो दोरीवर रेवाळ्याच्या शेजारी होता.
दोन गडद पट्टे काखेपासून कंबरेपर्यंत,
आणि मध्ये वारा भरला होता,
बऱ्यापैकी पोट असलेला.