पुरावा: कासरा

अर्ज घ्यायला मला बसवलं होतं
अजब बंगल्याच्या मागच्या व्हरांड्यात,
पेंढा भरलेल्या पक्ष्यांच्या दालनाला लागून.
एप्रिल संपत आलेला. कूलरची ताटी नवी, पाणी नाही.
दोन टेबलं. एकावर चिठ्ठी: पुस्तकचित्रण.
दुसऱ्यावर: व्यावसायिक चित्रण.
साहेब बजावून गेलेले, सरमिसळ नको,
परीक्षक बाहेरचे आहेत.

पुस्तकांच्या टेबलावर जाड फोल्डर,
आत जंगलं, पऱ्या, एक उदास कासव.
दुसऱ्यावर साबण, मसाले,
आइस्क्रीम खाणारं अस्वल,
आणि कुणीतरी पाठवलेला खराखुरा खोका, बुंदीसकट.
मुंग्यांनी आधी परीक्षण उरकलं.

चौथ्या दिवशी, तीनच्या उन्हात
धनराज बारापात्रे आले
गोळीबार चौकातून सायकल दामटत.
डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा.
पिशवीतून काढला वर्तमानपत्रात गुंडाळलेला
एकच कागद. त्यावर एक बैल.
"कोणत्या टेबलावर ठेवू जी?"

छापला कुठे होता, मी विचारलं.
"पयले दुसरीच्या पुस्तकात, पान एकोणीस.
मंग तोच ब्लॉक ढेपेच्या पोत्यावर.
मंग तंबाखूच्या पुडीवर, हिरव्या शाईत.
एकदा वॉर्डाच्या निवडणुकीत उभा होता,
त्याचे पैसे नाही भेटले."

मी दोन्ही टेबलांकडे पाहिलं.
बैलही पाहत होता, त्याला घाई नव्हती.

नियम सहा: चित्र स्वतःचे असल्याचा पुरावा जोडावा.
सही कुठेच नव्हती.
"सही केली असती तं ढेपवाला म्हणाला असता,
बैल विकतं का नाव?"
मग वाकून, नखाने, कागदाला न शिवता:
"हा कासरा पाहा.
निघते वेसणीतून, पोचते मानेच्या पल्याड,
मधात कुठूनच जात नाही.
त्या रात्री लाइन गेली होती, कंदिलात काढला.
सहा वाजता प्रेसचा पोरगा दारात.
कोणी नक्कल करन तं नीट करन.
हे चूक माह्याशिवाय कोणाची होऊच शकत नाही.
लिहा. पुरावा: कासरा."

मी लिहिलं.
आणि लिहिता लिहिता उमरेडची आमची शाळा,
पान एकोणीस, मी निळा रंगवलेला बैल,
आणि मागच्या बाकावरचा झिंगर, रोज तेच विचारणारा:
बाई, हा बांधला आहे का सुटला?
बाई म्हणायच्या, चित्र आहे ते. गप बस.

चाळीस वर्षांनी मी विचारलं.
बारापात्रे हसले नाहीत.
दुपट्ट्याने मान पुसली, बराच वेळ पाहिलं,
जणू आताच कुणी समोर आणून उभा केला होता.
"मले वाटे बांधला आहे," म्हणाले,
"पण पोरगं मागच्या बाकावरून पाहत होतं.
त्याले जास्त दिसलं असन."

कागद मी ठेवला सारसाच्या कपाटावर,
दोन्ही टेबलांपासून सारखाच दूर.
संध्याकाळी साहेबांनी उचलला
आणि व्यावसायिकमध्ये टाकला, ढेपेमुळे.

निकाल लागला. उत्तेजनार्थ.
शाल, नारळ, अकराशे रुपये,
आणि प्रमाणपत्र, ज्यावर नाव: धनराज बारपात्रे.
माझंच टायपिंग. मी खाली पाहत उभी.
त्यांनी खिशातून पेन काढलं, कांदा बाजूला सारून,
पायरीवर बसले, मांडीवर शाल, शालीवर कागद,
आणि र-ला एक काना दिला,
छापील अक्षराच्या जाडीचा, तेवढाच काळा,
की मलाही दुसऱ्यांदा शोधता आला नाही.

मग बैल मागितला परत.
पेन अजून उघडंच होतं. कासऱ्यापाशी दोन बोटं जागा.
मी वाट पाहिली.
त्यांनी टोपण लावलं,
सायकलच्या कॅरियरला नारळ बांधला,
घट्ट, दोन गाठी मारून,
आणि गेले.